चुलीमागं एक माणूस

आमच्या घरात दरवर्षी जून सरता सरता दोन म्हातारी माणसं दोन वेगळ्या खोल्यांत बसून आपापले कागद काढतात. एक मी, निवृत्त शाळामास्तरीण. दुसरे आमचे हवालदार, निवृत्त फौजी. एवढ्या वर्षांचा संसार, मच्छरदाणी एक, तंबाखूची डबी एक (ती त्यांची, पण मी काढते), आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न मात्र दोघांचं दोन. आमची नात चंद्रपूरला एका कर सल्लागाराकडे काम शिकते. ती लॅपटॉप घेऊन एसटीने येते, आधी आजोबांचं भरते, मग माझं. आजोबांची पाळी असली की ते दार लोटून घेतात. पेन्शन काही लपवायची नसते, पण फौजेतली सवय, कागद उघडला की दार बंद.

"नवरा-बायकोचं एकच काऊन नाई भरत व?" मी दरवर्षी विचारते.

"आजी, सरकार तुम्हाले दोन माणसं समजते."

"सरकारले सांग, त्या लग्नात मी पण होती."

नात हसते. तिला वाटतं आजी गंमत करते आहे. तिला कुठे माहीत, की हीच आजी तरुणपणी हे सगळं अगदी गंभीरपणे लिहून, सही करून, सरकारदरबारी देऊन आली होती.

तेव्हा मी नवीन नवीन शिक्षिका होते. दोन वेण्या सोडून एक वेणी घालू लागले होते, त्यामुळे आपल्याला कायदा कळतो असा माझा समज झाला होता. पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर कापला जायचा. हा राज्याचा कर. जो कमावतो त्याच्या कमाईतून जातो. हवालदार तेव्हा नुसते शिपाई होते. सुट्टीवर आले असताना ते सहज बोलून गेले की वर्दीवाल्यांना हा कर माफ असतो. झालं. ते परत गेले आणि मी कागद-पेन घेऊन बसले. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझे यजमान देशाच्या सीमेवर असून त्यांना सदर कर माफ आहे. मी त्यांची अर्धांगिनी असल्याकारणाने मला सदर कर निम्मा माफ व्हावा, ही नम्र विनंती.' खाली 'जय हिंद' लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

पगारबिलं करणाऱ्या बाबूंनी तो अर्ज उभं राहून साऱ्या ऑफिसला वाचून दाखवला. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, बंदूक तुम्ही धरता का?"

मी म्हणाले, "बंदूक नाई धरत. बंदूकवाल्याले मी धरते."

उत्तर मला फार बाणेदार वाटलं होतं. ऑफिस हसून हसून टेबलावर पडलं, कर पूर्ण कापला गेला, आणि पुढे माझी नोकरी संपेपर्यंत त्या ऑफिसात माझं नाव 'अर्ध्या बाई' असं पडलं ते पडलंच. "या अर्ध्या बाई, चहा पूर्ण घेणार का अर्धा?" मी ती चांगली लांब वेणीवाली मुलगी आता डोळ्यांपुढे आणते आणि मलाही तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. पण तिचं डोकं एका बाबतीत बरोबर चाललं होतं. नवऱ्याचं घर ते माझं घर आणि माझं घर ते नवऱ्याचं, हे तिने गृहीत धरलं होतं. नवऱ्याने धरलं नव्हतं.

हवालदारांचं मूळ गाव माजरीच्या बाजूचं. ते फौजेत गेल्यावर काही वर्षांनी गावाखाली कोळसा निघाला. शेत गेलं, घर गेलं, मोबदला भावाभावांत वाटला गेला, माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. आता तिथे उघडी खाण आहे. एकदा त्यांनी मला काठावर नेऊन दाखवली. खाली ट्रक काड्यापेटीएवढे दिसत होते. "तिथी विहीर होती," ते म्हणाले, "अन् तिथी आमचं आंगन." मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं तर बोट सरळ समोर, हवेत. जमीनच खाली गेली, तर अंगण हवेतच दाखवणार ना माणूस. मी तेव्हा काही बोलले नाही. मी गप्प बसले अशा जागा माझ्या आयुष्यात फार नाहीत, म्हणून ती लक्षात आहे.

तर सुट्टीवर यायचं कुठे? माझ्याकडे. मी कुठे? माझ्या वडिलांच्या घरात, गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत, सागाच्या जंगलाला पाठ लावून बसलेल्या या गावात. वडीलही मास्तर. मी त्यांची एकुलती, शाळाही इथलीच, त्यामुळे मी कुठे हलले नाही आणि पुढे घर माझ्या नावावर झालं. फौजेतल्या प्रत्येक कागदावर घरचा पत्ता लागतो. तिथे हवालदार काय लिहीत? 'द्वारा', मग माझ्या वडिलांचं नाव, मग गाव. वडील वारले तरी 'द्वारा' राहिलं. पत्र मला येई आणि पाकिटावर नाव वडिलांचं. स्वतःच्या बायकोकडे राहायला एवढी चिठ्ठी घेऊन येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यात शेजारचे गोंडभाऊ. हे माझ्याच वयाचे, लहानपणी आम्ही एकाच झाडाखाली मोहफुलं वेचली आहेत. त्यांच्यात लमझना ठेवायची रीत. म्हणजे मुलगा लग्नासाठी मुलीच्या बापाच्या घरी येऊन राहतो, त्याच्या शेतात काही वर्षं राबतो. त्यात कमीपणा काही नसतो, पण चिडवायला शब्द छान आहे. हवालदार ट्रंक घेऊन गावात शिरले की भाऊ कुंपणावरून ओरडत, "बाई व! तुमचा लमझना आला!" हवालदारांचे कान लाल. दुसऱ्या दिवशी तेच लाल कान घेऊन ते छपरावर. सासऱ्याच्या घराचे कवेलू फेरणं, कुंपणाच्या काट्या बदलणं, विहिरीचा रहाट नीट करणं, सगळी सुट्टी त्यातच जायची. कोणी म्हटलं, "बसा ना जवाई," तर उत्तर, "मी पाहुना मानूस, बसून काय करू?"

त्या लांब वेणीवाल्या मुलीने यावर एक उपाय केला होता. आलापल्लीच्या पेंटरकडून लाल पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांच्या नावाची पाटी करून आणली आणि दारावर ठोकली. तिला वाटलं, नवरा पाटी पाहील, डोळे भरून येतील, मग आपण दाराआड उभं राहून ते बघू. नवऱ्याने पाटी पाहिली, खिळे उपसले, खिळे सरळ करून डबीत ठेवले आणि पाटी आत नेऊन ट्रंकेमागे उभी केली. "दुसऱ्याच्या दारावर आपलं नाव नाई लावत," एवढंच म्हणाले. ती मुलगी उशीत तोंड खुपसून अशी रडली की आता आठवलं तरी उशीचीच दया येते. ती पाटी आज तांदळाच्या कोठीवर झाकण म्हणून आहे. मापात बसली.

आमच्या गावात घरं दारांनी मोजत नाहीत, चुलींनी मोजतात. एका घरात दोन भाऊ वेगळं शिजवत असतील तर त्या दोन चुली. पाऊस लागायच्या आधी तलावाच्या पाळीवर माती टाकायची असते, तेव्हा प्रत्येक चुलीमागं एक माणूस द्यायचा. मजुरी नाही, नुसती भर दुपारी आंबील. त्या सकाळी दोघंतिघं गावातून ओरडत फिरतात आणि आमच्या दारापुढे येऊन हाक देतात, "मास्तरच्या चुलीचा मानूस!" वडिलांना जाऊन जमाना झाला, चूल अजून मास्तरचीच. ही हाक आली की हवालदार आतल्या खोलीत जायचे. सुट्टीवर असताना जायचे, फौज सुटल्यावर कोळसा खाणीवर सुरक्षेची दुसरी नोकरी केली तेव्हाही जायचे, आणि तीही संपवून कायमचे इथे राहायला आले तेव्हाही जायचे. मग बाहेर येऊन मला म्हणायचे, "तुमच्या बाबाच्या चुलीले बोलावून राह्यले. कोनाले तरी पाठव." मी कुणाला तरी पाठवायची. छपरावर चढायला ज्या माणसाला लाज नाही, त्याला त्या एका हाकेला ओ द्यायची एवढी चोरी. मला दुसरं काही नको होतं त्यांच्याकडून. एकदा, चारचौघांत, त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की हे घर माझं आहे.

मध्ये चंद्रपूरजवळच्या घुग्घुसला त्यांनी घर बांधलं. खाणीच्या नोकरीच्या काळात, स्वतःच्या पैशाचं, स्लॅबचं. आता तिथे मुलगा-सून राहतात, पुढची खोली भाड्याने आहे. धूळ अशी की सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटाने नाव लिहावं. पण घर त्यांचं. ते पत्ता सांगताना तिथे 'द्वारा' नव्हतं.

आता ती गोष्ट. परवाच्या एका जूनमध्ये नात आली, दोन्ही रिटर्नं भरून झाली, दोघांच्या मोबाइलवर ओटीपी येऊन गेले. चहा पिता पिता ती म्हणाली, "आजोबा, माजी सैनिकाले घरपट्टी माफ असते, तुम्ही अजून घेतली नाई काऊन?"

"भेटते का?" हवालदार बशीतून म्हणाले.

"भेटते ना. तुमच्या नावावरचं घर असो नाईतर आजीच्या. पन एकाच घराले. अन् लिहून द्या लागते की आम्ही इथीच राह्यतो, दुसरीकडे सूट घेतली नाई."

मग तिने मोबाइल काढून हिशोब केला. घुग्घुसची घरपट्टी कुठे आणि आमच्या ग्रामपंचायतीची कुठे. हिशोबाला काही डोकं लागत नव्हतं, कोंबडीलाही कळला असता. "बाबा पन म्हनत होते, घुग्घुसचंच करा म्हनून," नात म्हणाली. हवालदारांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली. "हिशोब बरोबर हाये."

पैसे किती वाचतात याचं मला काही नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदा सरकार त्यांना विचारत होतं, तुमचं घर कोणतं ते एकच सांगा. दोन चालणार नाहीत. आणि ते 'हिशोब बरोबर हाये' म्हणत होते.

लांब वेणीवाली असती तर रडली असती, नाहीतर अर्ज लिहिला असता. मी आता म्हातारी झाले आहे, मला युक्त्या येतात. नात गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते पडवीत बसून बांबूच्या कांबी तासत होते. मी शेजारी भाजी निवडायला बसले आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "घुग्घुसचंच करा जी. इथी तसंही तुम्हाले कोनी सूट देनार नाई."

"काऊन नाई देनार?"

"लमझन्याले कुठी घर राह्यते?"

सुरी थांबली. कान लाल झाले. मग सुरी परत चालू लागली. मी मनात म्हटलं, लागलं.

दोन-तीन दिवस कांबी तासणं चालूच. मग एका सकाळी पाहते तर दाढी घोटलेली, इस्त्रीचा शर्ट, बूट चमकवलेले. बुटांना पॉलिश म्हणजे मोहीम.

"चाल."

"कुठी?"

"ग्रामपंचायतीत. घर तुह्या नावाचं हाये, सही तुही लागते."

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून निघाले असते, पण एवढी घाई दिसली तर युक्ती उघडी पडायची. म्हणून मुद्दाम वेळ लावून लुगडं बदललं. रस्ताभर मी स्वतःवर खूश. चाळीस वर्षं जे रडून झालं नाही ते एका टोमण्यात झालं.

ग्रामसेवक तरुण, लातूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी अर्ज पाहिला, माझं आधार पाहिलं, मग हवालदारांचं पाहून थांबले. "आजोबा, तुमच्या आधारवर पत्ता घुग्घुसचा आहे. तुम्ही राहता कुठे?"

आता बघा. बाहेरच्या बाकावर चार-पाच माणसं आपापल्या कामाला बसलेली, त्यात गोंडभाऊही नळाच्या तक्रारीसाठी आलेले. सगळ्यांचे कान आत.

हवालदारांनी घसा साफ केला. "इथी."

"आणि सैनिक कार्यालयाचं प्रमाणपत्र? तुमची नोंद चंद्रपूर जिल्ह्यात असणार. इथे गडचिरोलीचं लागेल, आधी नोंद बदलावी लागते, वेळ जातो—"

"गडचिरोलीचंच हाये." त्यांनी खिशातून घडी काढून पुढे ठेवली. "नोंद बदलून घेतली."

मी वळून पाहिलं. "कवा?"

"हिवाळ्यात. गुडघ्याचं औषध आनाले गडचिरोलीले गेलतो ना, तवा."

"गुडघ्याचं औषध तं आलापल्लीतच भेटते!"

"हो," हवालदार म्हणाले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

म्हणजे नात सांगायच्या कितीतरी आधी या माणसाला सगळं ठाऊक होतं. 'भेटते का' म्हणून बशीतून विचारलं ते नाटक. कांबी तासत होते ते नाटक. आणि मी आपली टोमणा मारून, गड जिंकून, लुगडं बदलून आलेली. त्या बाबूंचं ऑफिस पुन्हा एकदा माझ्यावर हसतंय असं वाटलं.

ग्रामसेवक म्हणाले, "ठीक आहे, पण आधार घुग्घुसचं असल्यामुळे इथे राहतात असं गावातल्या कुणीतरी सांगायला हवं. कुणी आहे का ओळखणारं?"

गोंडभाऊ बाकावरून उठून दारात आले. "मी वळखतो, साहेब. हा लमझना हाये."

मी डोळे मिटले.

"लमझना म्हणजे?" ग्रामसेवकांनी पेन थांबवून विचारलं.

"म्हंजे सासऱ्याच्या घरी राबून राह्यते तो. हा जवाई सुट्टीवर आला का दुसऱ्या दिवशी कवेलूवर. अख्खं गाव खालून पाह्यत होतं." बाकावर खसखस पिकली. भाऊंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "पन आमच्यात लमझना काही वर्सं राबते, मंग सुटते. मंग त्याले कोनी लमझना म्हनत नाई, तो गावचा मानूस होते. हा तं म्हतारा झाला, साहेब. याले सोडाचं आम्हीच भुललो. आता सुटला तो. लिवा, इथीच राह्यते."

ग्रामसेवकांनी एवढं सगळं लिहिलं नसावं. पण हवालदारांकडे पाहून पुन्हा विचारलं, "म्हणजे हे तुमचं राहतं घर?"

"माहं घर," हवालदार म्हणाले. "हिचं अन् माहं."

मी सही केली आणि सवयीने खाली दोन रेघा मारल्या.

येताना आम्ही तलावाच्या पाळीवरून आलो. मी विचारायचं नाही ठरवलं होतं आणि पाळ संपायच्या आत विचारलंच. "घुग्घुसले जास्त वाचले असते ना जी?"

"घुग्घुसचं घर तरनं हाये," ते म्हणाले. "भाडं कमावते. जो कमावते त्यानं कर भराचा. हे म्हतारं हाये, पेन्शनर. सूट याले पाह्यजे."

थोडं पुढे गेल्यावर, चालता चालताच, "अन् या घराखाली कोळसा नाई निघत. मी पाह्यलं इचारून."

मी पुढे काही विचारलं नाही. गप्प बसण्याची माझी ही दुसरी जागा.

नातीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबा, हिशोबात तं तुम्ही नापास झाले." आजोबा म्हणाले, "तुही आजी पन नापास झालती. अर्धी माफी मांगत होती." म्हणजे तो अर्जही त्यांना माहीत होता. कुणी सांगितला, किती वर्षांपासून माहीत होता, काही पत्ता लागू दिला नाही. फौजेत यांना दुसरं काही शिकवलं असेल नसेल, तोंड बंद ठेवायला चांगलं शिकवलं.

पुढच्या उन्हाळ्यात, तेंदूपानाचं काम आटोपल्यावर, सकाळी हाक आली. "मास्तरच्या चुलीचा मानूस!" मी सवयीने कुणाला पाठवायचं याचा विचार करत बाहेर आले, तर हवालदार माझ्याआधी दारात. डोक्याला दुपट्टा, हातात घमेलं. मला वाटलं आता ते म्हणतील, मास्तरची नका म्हणू, हवालदारची म्हणा. ते तसं काही म्हणाले नाहीत. "आलो," म्हणाले आणि चालू लागले.

दुपारी मी आंबील घेऊन पाळीवर गेले. हवालदारांनी सकाळी चार-सहा घमेली टाकली असतील, त्यानंतर ते कमरेवर हात ठेवून सगळ्या गावाला माती कशी टाकावी ते सांगत उभे होते. "डावीकडून! एकामागून एक! रांग मोडू नका!" पोरं मुद्दाम कडक पावलं टाकत, घमेल्याला सलामी ठोकत होती. गोंडभाऊ मला बघून ओरडले, "बाई व, याले परत लमझना करा! तवा काम तरी करत होता!"

हवालदार हसले. कान लाल झाले नाहीत, मी नीट पाहिलं.

संध्याकाळी घरी येऊन जे आडवे झाले ते उठेनात. मी चुलीवर भात टाकला, कोठीवर लाल पत्रा परत ठेवला. आतून आवाज आला, "अव, गुडघ्याचं औषध कुठी हाये?"

"गडचिरोलीले," मी म्हटलं.